कोरी नळी

मी बुरशींची कुळं शोधतो. पोटापाण्याचा उद्योग म्हणून हे सांगितलं की निम्मे लोक हसतात आणि उरलेले आपल्या न्हाणीघराच्या भिंतीवरच्या काळ्या डागांवर उपाय विचारतात. उपाय मला माहीत नसतो. तो डाग कुणाच्या घराण्यातला, त्याचे चुलते कोण आणि मावसभावंडं कोण, एवढंच मी सांगू शकतो. त्यावर लोकांचा चेहरा पडतो, आणि ते साहजिक आहे.

आमची प्रयोगशाळा तळमजल्यावर आहे. दोन खोल्या, मधे काचेचं दार, आणि सतत गुणगुणणारं एक शीतकपाट. पानांवर, फळांवर रोग पडला की तिथला तुकडा आमच्याकडे येतो. पूर्वी असा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरून नाव ठरवायचे. पण बुरशी महाबिलंदर जात. दोन सर्वस्वी वेगळ्या बुरशी एकाच आईच्या जुळ्या वाटाव्यात इतक्या सारख्या दिसतात, आणि त्यातली एक बाग खाते, दुसरी नुसती बसून असते. म्हणून आता आम्ही चेहरा बघत नाही. तुकडा वाटतो, त्यातला डीएनए काढतो, यंत्रात त्याच्या पुष्कळ प्रती करतो आणि त्याची अक्षरं वाचतो. मग संगणक त्या अक्षरांवरून वंशवृक्षावर तिची फांदी दाखवतो. फांदी कळली की कूळ कळलं.

लिंबावरच्या काळ्या ठिपक्यांचं प्रकरण असंच. ठिपके पाडणारी बुरशी आणि लिंबाच्या पानात निमूट राहणारी तिची चुलत बहीण, दिसायला एकसारख्या. आम्ही पहिलीला दरोडेखोर म्हणतो आणि दुसरीला घरजावई, कारण तो पानातच राहतो, पानातलंच खातो आणि कुणाला त्रास देत नाही. घरजावई निघाला तर बागवाल्याने पेढे वाटावेत. दरोडेखोर निघाला तर कायद्याने सगळी बाग मुळासकट काढून जाळायची. एक झाडही ठेवायचं नाही, कारण वारा सुटला की तो पुढच्या बागेत जातो.

आमच्या कामाचा एक शिरस्ता सांगायला हवा. प्रत्येक खेपेला, कितीही नमुने असोत, त्यांच्याबरोबर एक नळी अशी ठेवायची जिच्यात पान नाही, फळ नाही, नुसतं शुद्ध पाणी. बाकी सगळे सोपस्कार तिच्यावरही तसेच करायचे. तिला आम्ही कोरी म्हणतो. कोरीने शेवटपर्यंत गप्प बसायचं असतं. ती बोलली, म्हणजे तिच्यात कसला डीएनए सापडला, तर कुठेतरी आपल्याच हातून घाण शिरली असं समजायचं आणि अख्खी खेप बाद करायची. इतकी वर्षं मी हे काम करतोय. कोरी बोललीच तर त्यामागे कुणाचा तरी वेंधळेपणा सापडला नाही असं कधी झालं नव्हतं.

आता ताई.

आई गेली तेव्हा मी अर्ध्या चड्डीत होतो. ताई लोकांचे कपडे शिवायची. त्या शिलाईवर तिने मला वाढवलं, गावाबाहेरचा उताराचा एक तुकडा घेतला आणि त्यात लिंबं लावली. पुढे मला शिकायला पाठवलं ते त्या लिंबांनी. लग्न तिने केलं नाही. कुणी विचारलं की म्हणायची, "एका भावाला वाढवता वाढवता सगळी हौस फिटली." मला ती बुरशीबुवा म्हणते. आज मी जो काही आहे तो तिच्यामुळे आणि त्या झाडांमुळे. हे मी तिला कधी तोंडावर म्हटलं नाही, कारण ती लगेच म्हणाली असती, "जास्त शहाणपणा नको, चहा घे."

त्या वर्षी तिच्या फळांवर काळे ठिपके आले. निरीक्षक येऊन पानं आणि फळं कापून घेऊन गेले. ताईचा फोन आला तेव्हा ती झाडांबद्दल न बोलता बराच वेळ शेजारच्या कुत्र्याबद्दल बोलत होती. त्यावरून मला कळलं की ती घाबरली आहे.

मी सरळ मॅडमच्या खोलीत गेलो. मॅडम आमच्या प्रमुख. दुधाने तोंड पोळल्यासारखं ताकही फुंकून पिणाऱ्या.

"माझ्या बहिणीची बाग आहे," मी म्हटलं.

"मग तुम्ही त्या नमुन्यांना हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "आणि जेवून घ्या. चेहरा बघा जरा आरशात."

काम शंकाकडे गेलं. शंका म्हणजे माझी तरुण सहकारी. तिचं खरं नाव वेगळं, पण ती सूर्य उगवला तरी खात्री करून घेते. तिने दोनदा तपासलं. मग काचेच्या दारातून माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

दरोडेखोर.

नियमाप्रमाणे निकाल पक्का करायला वेगळ्या हाताने आणखी एक खेप व्हायला हवी होती. ती मॅडम स्वतः करणार होत्या. ती झाली की हुकूम निघणार. मधे शनिवार-रविवार आला आणि मी ताईकडे गेलो.

तिच्या स्वयंपाकघरात ओट्यावर खिडकी आहे. एका लिंबाची फांदी इतकी आत आलेली की भांडी घासताना ती खांद्याला लागते. ताई ती छाटत नाही. झाडांशी बोलायची तिची जुनी सवय, आणि त्या फांदीशी तर ती दूध उतू गेल्याबद्दलही तक्रार करते. मी टेबलाशी बसलो. तिने विचारलं, "पण दोघं एकसारखे दिसतात म्हणतोस, मग माझ्या झाडांत तोच आहे हे कशावरून?"

मला समजावून सांगायची खोड. मी तिचा बटणांचा डबा ओतला. काळी, पांढरी, लाल, निळी. "डीएनएत चारच अक्षरं असतात," मी म्हटलं. "ही चार बटणं समज. दरोडेखोर आणि घरजावई जिथे वेगळे पडतात तो टप्पा एवढाच." आणि टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत मी दरोडेखोराची ओळ मांडली. तिच्याखाली घरजावयाची. मला दोन्ही तोंडपाठ आहेत. लोकांना पाढे असतात तशा. खालच्या ओळीच्या शेवटी पांढरी बटणं संपली. एका जागी मी काळं ठेवलं आणि म्हटलं, "इथे पांढरं समज हं."

ताई दोन्ही ओळी बघत राहिली. वाकून, चष्मा वर करून, कापड बघते तशी.

"म्हणजे वरच्याने एवढी चार-दोन बटणं बदलली तर तो खालच्यासारखा होईल?"

"होईल. पण ते शर्टाचं बटण नाही, ताई. त्याला लाखो वर्षं लागतात."

"तुला सगळं लाखो वर्षांनी होतं असं का वाटतं?" ती म्हणाली.

निघताना मी बटणं गोळा करायला गेलो. "राहू दे," ती म्हणाली. "बघते मी जरा."

सोमवारी मॅडमनी खेप लावली. दुपारी त्यांच्या खोलीतून मोठ्याने बोलणं ऐकू आलं. त्या कधी आवाज चढवत नाहीत. ताईच्या सगळ्या नळ्या गप्प होत्या. पानांत बुरशीच नाही. आणि कोरी बोलत होती. नुसत्या पाण्याच्या नळीत दरोडेखोर होता.

"नळ्यांची अदलाबदल," मॅडम म्हणाल्या. स्वतःवरच चिडून त्यांनी खेप बाद केली.

दुसऱ्या दिवशी शंकाने केली. नवं पाणी, नवे हातमोजे, ओटा दोनदा पुसलेला. पानं गप्प. कोरी बोलली.

मग मॅडमनी ताईचे नमुने बाजूला ठेवून दुसऱ्याच कुठल्या तरी पिकाची खेप लावली. कोरी गप्प. ताईची पानं परत घेतली. कोरी बोलली. पाणी दुसऱ्या संस्थेतून मागवलं, यंत्र बदललं, खोली बदलली. मी या सगळ्यात दाराच्या अलीकडेच होतो, कशाला हात लावला नाही. कुणी माझ्याकडे संशयाने पाहिलं असतं तर मला ते बरं वाटलं असतं, कारण मग निदान काही कारण असल्यासारखं झालं असतं. कुणीच पाहिलं नाही.

कोरी बोलत होती तोवर निकाल देता येत नव्हता. आणि निकाल नाही तोवर हुकूम नाही. कुऱ्हाड तिथेच थांबली होती. मी मनातल्या मनात त्या पाण्याच्या नळीचे आभार मानत होतो, आणि मानताना लाजत होतो.

गुरुवारी शंका माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"सर, कोरीत जे येतंय ते रोज एक नाही."

"म्हणजे?"

तिने संगणकावर वंशवृक्ष उघडला. एका बाजूला दरोडेखोराची फांदी, दुसऱ्या बाजूला घरजावयाची, आणि मधे नेहमी मोकळं असतं ते अंतर. सोमवारचा ठिपका दरोडेखोरावर होता. मंगळवारचा जरासा बाजूला. बुधवारचा मधल्या मोकळ्या जागेत, जिथे जगातली कुठलीही बुरशी कधी बसलेली नाही. आजचा पलीकडे झुकलेला.

"हे वाटेत आहे," शंका म्हणाली.

"कुणाच्या वाटेत?"

"तसं नाही सर. वाटेत म्हणजे निघालंय. कुठेतरी पोचायचंय त्याला."

ती हसली नाही. शीतकपाट गुणगुणत होतं. मी तिला जाऊन चहा पिऊन ये म्हणालो.

मॅडमनी शेवटी हात टेकले. त्यांनी निरीक्षकांना बागेतून नवे नमुने काढायला लावले आणि ते परस्पर दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवले. आमचा स्पर्शही नको म्हणाल्या. तिथली माणसं आम्हाला ओळखत नव्हती आणि बाग कुणाची हेही त्यांना माहीत नव्हतं.

तिथे कोरी गप्प बसली. पानं बोलली, एकूण एक. घरजावई.

बाग सुटली. मॅडम स्वतः माझ्या टेबलाशी येऊन सांगून गेल्या आणि माझ्या खांद्यावर त्यांनी क्षणभर हात ठेवला. मी स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून रडलो. फोनवर ताईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हो, कळलं होतं." मला वाटलं निरीक्षकांनी कळवलं असेल.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचं आणि गप्प बसायचं. पण सवय. दुसऱ्या प्रयोगशाळेने वाचलेली अक्षरं आमच्याकडे आली होती आणि मी ती आपल्याकडच्या घरजावयाशी ताडून बघितली. सगळी जुळली. शेवटाकडचं एक सोडून.

जगभरातल्या घरजावयांची अक्षरं एका मोठ्या साठ्यात जमवलेली आहेत. मी तो सगळा चाळला. त्या जागी असं अक्षर कुणातच नव्हतं. ताईच्या बागेतल्या प्रत्येक पानात मात्र होतं.

मी कागदावर ओळ लिहिली आणि अक्षरांच्या जागी रंग मनात आणले. तेव्हा लक्षात आलं. त्या जागी पांढरं हवं होतं. पांढरी संपली होती. मी काळं ठेवलं होतं.

मी कुणाला बोललो नाही. काय बोलणार होतो? मॅडमनी मला रजा घ्यायला लावली असती आणि शंकाने माझ्यावर विश्वास ठेवला असता. यातलं दुसरं मला जास्त भीतीचं वाटलं.

शनिवारी सकाळी ताईकडे गेलो, पण घरात न जाता आधी बागेत शिरलो. फळं झाडावर होती, तीच, ज्यांच्यावर मी मागच्या भेटीत ठिपके पाहिले होते. लिंबाच्या सालीवरचा व्रण भरून येत नाही. एकदा पडला की फळ गळेपर्यंत तो तसाच राहतो. मी एक लिंबू हातात घेऊन फिरवून बघितलं. साल गुळगुळीत. दुसरं बघितलं. तिसरं. कुठेही डाग नव्हता.

मी देव मानत नाही. पण आभार मानायला देव लागतोच असं नाही, हे मला त्या दिवशी कळलं. माझी बहीण आत तिच्या घरात होती, तिची झाडं जागेवर होती, आणि हे ज्याने केलं ते माझ्या आजूबाजूला प्रत्येक पानात मुकाट बसलं होतं. मी बूट काढले आणि हात जोडून उभा राहिलो. मनापासून. भीती वाटत होती, तरीही मनापासून. आजही मला त्याचा पश्चात्ताप नाही.

ताई स्वयंपाकघरात होती. टेबलावर घरजावयाची ओळ तशीच मांडलेली. वरची नव्हती.

"वरची मोडली मी," ती म्हणाली. "कशाला हवी ती?"

"ताई, तू काय केलंस?"

"मी काय करणार? रोज सकाळी खिडकीशी उभं राहून वाचून दाखवायचे. म्हटलं, बाबांनो, माझा भाऊ म्हणतो असे असाल तर राहाल, नाहीतर तुम्हीही जाल आणि मीही जाईन. आधी जरा वेळ लागला त्यांना. मग जमलं."

तिने चहा ओतला. तिच्या चेहऱ्यावर मी इतकं समाधान कधी पाहिलं नव्हतं, आणि ते बघून मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

"आता तूच सांग," ती म्हणाली, "एवढं केलं त्यांनी आपल्यासाठी. कुणाचे उपकार असे अंगावर ठेवून बसायचे का? मी विचारलं, तुम्हाला काय देऊ?"

मी कप खाली ठेवला.

"त्यांना माझी हवी आहे," ताई म्हणाली.

"काय?"

"ओळ. माणसाची, म्हणजे माझी. कशी असते ते दाखव म्हणतात."

"तुला ऐकू येतं ते?"

"ऐकू कसं येईल? वेडा आहेस का? तुला भूक लागली की मला कळायचं, तेव्हा तू काय बोलून दाखवायचास?"

ती आतल्या खोलीत गेली आणि एक पातेलं घेऊन आली. त्यात बटणं होती. मग दुसरं. मग पिंप सरकवत आणलं, तेही काठोकाठ. सगळी निवडून, रंग वेगळे करून.

"ताई, ती फार लांब असते," मी म्हटलं. "जगातली सगळी बटणं आणलीस तरी पुरायची नाहीत."

"मग जमेल तेवढी मांड. त्यांना घाई नाही."

तिने टेबल पुसलं. माझी खुर्ची ओढून मला नीट बसवलं, गृहपाठाला बसवायची तसं, आणि पाठीवरून हात फिरवला. जन्मात मी तिला कशाला नाही म्हटलेलं नाही.

मी खिडकीबाहेर बघितलं. वारा चांगलाच सुटला होता. दोरीवर वाळत घातलेले कपडे फडफडत होते, अंगणातली धूळ भोवऱ्यासारखी फिरत होती. लिंबाच्या झाडांचं एकही पान हलत नव्हतं.